‘भोंवरा’ शब्दाचें मूळ

नदीच्या प्रवाहांत पाणी जेथें गरगर फिरून खालीं ओढूं लागतें, त्यास आपण भोंवरा म्हणतों. मुलांच्या दोरीवरील खेळण्याचें नांव तेंच, डोक्यावरील केसांच्या वळणाचेंही तेंच. आणि घोड्याबैलांची पारख करणारे त्यांच्या अंगावरील भोंवरे पाहूनच शुभाशुभ सांगत आले आहेत. हे सर्व अर्थ एका शब्दाच्या ठायीं कसे जमले, हें पाहूं जातां पुष्कळांची दृष्टि प्रथम भुंग्याकडे वळते. संस्कृत ‘भ्रमर’ म्हणजे भुंगा. तो फुलाभोंवतीं घिरट्या घालतो, पाणीही तसेंच फिरतें, म्हणून पाण्यास त्याचें नांव मिळालें, असें मग सांगण्यांत येतें.

ही उपपत्ति गोड आहे, परंतु आम्हांस ती पटत नाहीं. संस्कृतांतील ‘भ्रमरक’ शब्दास भुंगा, कपाळावरील कुरळी बट, खेळण्याचा भोंवरा आणि पाण्याचा भोंवरा हे सगळेच अर्थ आहेत. त्यांना जोडणारा दुवा भुंगा नसून फिरण्याच्या अर्थाचा ‘भ्रम्’ धातु होय. भुंग्याचें नांव मुळीं फिरण्यावरून नव्हे, तर त्याच्या गुणगुणण्यावरून पडलें असावें, असें मानणारे भाषाशास्त्रज्ञही आहेत. तें खरें असेल तर भुंगाच या घरांत मागाहून आलेला पाहुणा ठरेल!

मराठीनें हें घर चांगलेंच वाढविलें. भोंवळ येते, माणसें भोंवतीं जमतात, आणि केलेलें पाप भोंवतें, म्हणजे फिरून कर्त्याकडेच येतें. आमचे कांहीं अनुवादक भारदस्तपणासाठीं पाण्याच्या भोंवऱ्यास ‘आवर्त’ म्हणतात. तो शब्दही वळण्याच्याच अर्थाचा, ‘वृत्’ धातूपासून झालेला. त्यांत चूक कांहीं नाहीं. पण तो वाचून कोणास भोंवळ येत नाहीं.

राहतां राहिला अनुस्वार. ‘भ्रमर’चें प्राकृतांत ‘भमर’ झालें, आणि पुढें मधल्या ‘म’चा सानुनासिक ‘व’ झाला. ‘ग्राम’चें गांव व ‘नाम’चें नांव झालें तें याच रीतीनें. गेलेल्या ‘म’ची तेवढी एक खूण लेखनांत उरली होती. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनीं असे अनुस्वार काढले. उच्चारांत ते लोपले होते, तेव्हां त्या निर्णयाशीं आमचें भांडण नाहीं. कोशकारांनीं ‘भोवरा’ असेंच खुशाल छापावें. मात्र व्युत्पत्ति देतांना शेजारीं जुनें रूप अवश्य द्यावें. त्यावांचून हा ‘व’ कोठून आला, हें विद्यार्थ्यास कसें कळावें?