कोसंबींचा तराजू आणि भर्तृहरीचे २०० श्लोक

दामोदर धर्मानंद कोसंबी म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? मी ओळखीच्या लोकांना विचारत असते. उत्तरं ठरलेली येतात. डेक्कन क्वीनने पुण्याहून मुंबईला जाणारा गणिती. हातात काठी घेऊन टेकड्या पालथ्या घालणारा आणि पायाखालच्या गारगोट्यांत अश्मयुग शोधणारा माणूस. प्रयोगशाळेच्या तराजूत जुनी नाणी तोलत बसणारा विक्षिप्त प्राध्यापक. पुण्यात प्रभात रोड-भांडारकर रोडच्या बाजूला वाढलेल्या लोकांकडे तर आजोबांकडून ऐकलेला एखादा खास किस्साही असतो.

मला हे किस्से आवडतात, आधीच कबूल करते. पण गेली तीन वर्षं भर्तृहरीच्या पोथ्यांवर काम करताना कोसंबी रोज टेबलावर आहेत, आणि माझ्या लक्षात आलंय की त्यांच्या सवयी सगळ्यांना पाठ असतात आणि काम जवळपास कुणी उघडलेलं नसतं. या दोन्हीचा एकमेकांशी काही संबंध आहे की नाही, हा माझ्या प्रबंधातल्या एका प्रकरणाचा प्रश्न आहे. मार्गदर्शकांनी समासात लिहिलंय, ‘आवड हा पुरावा नव्हे.’ बरोबरच आहे त्यांचं. तरी प्रकरण अजून काढून टाकलेलं नाही. का नाही, ते सांगते.

आधी नाण्यांकडे जाऊ, कारण पोथ्यांचा रस्ता तिथूनच जातो.

तक्षशिलेला रुप्याच्या आहत नाण्यांचे साठे सापडले होते. आहत म्हणजे ठसे ठोकलेली. त्यांवर राजाचं नाव नाही, साल नाही, नुसती चिन्हं. कोसंबींना संख्याशास्त्र शिकायचं होतं आणि ते पुस्तकातून शिकायचा त्यांना कंटाळा होता, त्यामुळे त्यांनी एक खरीखुरी समस्या हाताशी घेतली. कल्पना साधी आहे. नाणं या हातातून त्या हातात जातं तसं झिजतं. एकटं नाणं किती झिजलं यावरून काहीच कळत नाही, कारण एखादं वर्षानुवर्षं गाडग्यात पडून असतं आणि एखादं रोज बाजारात फिरतं. पण एकाच वेळी पाडलेली पुष्कळ नाणी घेतली, तर त्यांचं सरासरी वजन काळाबरोबर कमी होत जातं आणि वजनांमधली तफावत वाढत जाते. हे पडताळायला त्यांनी चलनातली आधुनिक नाणीही तोलली. त्यांवर साल छापलेलं असतं, म्हणजे उत्तर आधीच माहीत. मग हीच पद्धत त्यांनी जुन्या साठ्यांना लावली. मागच्या बाजूला जितके जास्त ठसे तितकं सरासरी वजन कमी, असंही त्यांना दिसलं. म्हणजे हे छोटे ठसे ठरावीक काळाने नाणी तपासून मारले जात असावेत. १९४० पासून यावर त्यांचे लेख येत राहिले.

या कामावर माझा एक आक्षेप आहे आणि तो कळायला पोथ्या लागत नाहीत. पाच रुपयांचं जुनं जाडजूड नाणं आठवतं? ते ९ ग्रॅमचं होतं. नंतरची ६ ग्रॅमची. ती जाड नाणी सीमेपलीकडे नेऊन वितळवतात आणि त्यांची ब्लेड करतात, अशा बातम्या तेव्हा येत होत्या. ते खरं धरलं तर जड नाणी चलनातून गेली ती झिजून नाही; कुणीतरी वेचून काढली म्हणून. प्राचीन काळी रुप्याच्या बाबतीत असं झालंच नसेल, हे कोण सांगणार? वजनदार नाणी सोनाराने उचलली तर उरलेल्यांची सरासरी आपोआप खाली येते, आणि आपण तिला काळ समजतो. कोसंबींचा आलेख झिजेचा आहे, पण जगात झिजेशिवाय निवडही असते.

आता हाच आक्षेप घेऊन पोथ्यांकडे या.

भर्तृहरीची तीन शतकं – नीती, शृंगार, वैराग्य. मराठी घरांत ती वामन पंडितांच्या समश्लोकीमुळे आणि शाळेतल्या सुभाषितांमुळे ओळखीची. नावाप्रमाणे ३०० श्लोक असायला हवेत. कोसंबींनी भारतभरातून शेकडो पोथ्या जमवल्या, श्लोकन् श्लोक ताडून पाहिला आणि १९४८ साली चिकित्सित आवृत्ती काढली. तिच्यात एकूण ८५२ श्लोक आहेत, पण तीन गटांत. जवळपास सगळ्या परंपरांमध्ये सापडतात ते पहिले २००. काही परंपरांत आहेत, काहींत नाहीत, ते ३५२ पर्यंत. उरलेले ५०० म्हणजे इकडून तिकडून कुणीकुणी भर्तृहरीच्या नावावर चढवलेले.

मागच्या लेखात मी पोथ्यांची वंशावळ कशी लावतात ते सांगितलं होतं: दोन पोथ्यांत एकच चूक असेल तर त्यांचा पूर्वज एक. भर्तृहरीच्या बाबतीत हे कोलमडतं. लिहिणाऱ्याला अर्धे श्लोक तोंडपाठ असत, त्यामुळे समोरच्या पोथीत एखादा नसला तरी तो आठवणीतून घालायचा, एखादा आवडला नाही तर गाळायचा. वंशावळीच्या फांद्या एकमेकींत शिरतात. कोसंबींनी झाड काढण्याचा हट्ट धरला नाही. त्यांनी मोजलं. कुठला श्लोक किती ठिकाणी, कुठल्या गटात. नाणी तोलणारा माणूस पोथ्यांपाशी बसला की असंच करणार. एक पोथी काही सांगत नाही; पुष्कळ पोथ्या एकत्र सांगतात. किश्शातला विक्षिप्तपणा म्हणतात तो हाच, फक्त इथे त्याला हजारो तासांचं रूप आलंय.

आणि इथे निवडीचा आक्षेप त्यांच्या बाजूने पडतो. पोथ्यांत निवड झालीच आहे हे ते धरूनच चालतात. २०० हा आकडा ‘भर्तृहरीने एवढेच लिहिले’ असं म्हणत नाही. एवढ्या श्लोकांवर सगळ्यांची आवड जुळली, इतकंच म्हणतो. नाण्यांच्या वेळी जी सावधगिरी मला कमी वाटते, ती इथे भरपूर आहे.

आता अवघड भाग. ज्या कवीसाठी हे सगळं केलं, तो कोसंबींना आवडत होता का?

१९४१ मध्येच त्यांनी भर्तृहरीच्या वैराग्याच्या प्रतीवर एक इंग्रजी निबंध लिहिला. पुढे तो ‘एक्झास्परेटिंग एसेज’ या १९५७ च्या संग्रहात आला. सूर कडक आहे. हा कवी म्हणजे धन्याच्या दारी तिष्ठणारा शिकलेला माणूस. जातीने आणि परंपरेने त्याच्या हाताला मोजकीच कामं ठेवली आहेत, म्हणून त्याची आयुष्यावरची पकडही मोजकीच. त्याचं वैराग्य हे ज्याने भोगलंच नाही त्याचं वैराग्य. १९५७ सालीच वा. वि. गोखल्यांबरोबर त्यांनी विद्याकराचा ‘सुभाषितरत्नकोश’ हार्वर्डच्या मालेत संपादित केला, आणि प्रस्तावनेत संस्कृत कवितेचं नातं सरंजामी वर्गाशी जोडलं. त्याच संग्रहाचं इंग्रजी भाषांतर करताना डॅनियल इंगॉल्स यांनी १९६५ मध्ये या वर्गविश्लेषणाला उघड विरोध केला. ज्याच्या पाठावर आपलं भाषांतर उभं, त्याच्याशीच भांडण. मला हा प्रसंग फार आवडतो, सभ्य भांडणं हल्ली दुर्मीळ झाली आहेत.

माझं मत इंगॉल्स यांच्या बाजूला अर्धंच झुकतं. कविता वर्गातून जन्मते यावरून ती कुठल्या ओळीत जिवंत आहे हे कळत नाही, इथे कोसंबी घाई करतात. पण तो निबंध पुन्हा वाचा. धन्याच्या उंबरठ्यावरचा अपमान, मूर्ख श्रीमंतासमोर गप्प बसणारा विद्वान – या जागांवर कोसंबींचं वाक्य तापतं. न आवडणाऱ्या कवीवर माणूस इतकं तापून लिहीत नाही. आणि हे लिहिणारे कोसंबी कोण? हार्वर्डहून परतून बनारस, अलीगढ, मग फर्ग्युसन, मग १९४५ पासून टाटा मूलभूत संशोधन संस्था. आणि १९६२ मध्ये तिथला करार पुढे वाढवला गेला नाही. शिकलेल्या माणसाचं पोट दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असणं त्यांना पुस्तकातून समजून घ्यावं लागलं नव्हतं.

थांबा, इथेच मार्गदर्शकांचा शेरा लागू पडतो. निबंध १९४१ चा, नोकरी गेली १९६२ ला. नंतरचा प्रसंग आधीच्या वाक्याचं कारण होऊ शकत नाही, आणि मी पहिल्या मसुद्यात ती चूक केली होती. शिवाय भर्तृहरीचंही लोकांनी हेच केलं! बायकोच्या बेइमानीने राज्य सोडून गेलेला राजा, ते अमर करणारं फळ, ही सगळी कथा एका श्लोकाभोवती गुंफलेली आहे. श्लोकातून सवय, सवयीतून चरित्र, चरित्रातून पुन्हा श्लोकाचा अर्थ. कोसंबींनी पोथ्या मोजल्या त्या हे चक्र तोडायला, आणि मी त्यांच्याबाबतीत तेच चक्र फिरवायला निघाले होते.

मग प्रकरण का ठेवलं? कारण सवय पुरावा ठरते ती कामात दिसली तर. तराजू दोन्हीकडे दिसतो: नाण्यांत आणि श्लोकांत. १९४४ साली जनुकांमधलं अंतर मोजण्याचं त्यांनी जे सूत्र दिलं, जे आजही त्यांच्या नावाने वापरलं जातं, त्यातही खूप नोंदींच्या गर्दीतून एक अंतर काढण्याचीच वृत्ती आहे. आणि ती फसते तेव्हाही दिसते. १९५९ मध्ये रीमानच्या गृहीतकाची सिद्धता म्हणून त्यांनी संभाव्यतेच्या वाटेने एक निबंध छापला, तोही कृषी-संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. ती सिद्धता टिकली नाही. सरासरीवरचा तोच विश्वास जिथे सरासरी पुरत नव्हती तिथे नेला. किस्से सांगणारे हे सहसा गाळतात. मला वाटतं, चालण्याच्या काठीपेक्षा या चुकीवरून माणूस जास्त ओळखीचा होतो.

काठीबद्दलही एक शंका आहेच. वेताळ, म्हसोबा, आयांची ठाणी, गारगोटीची हत्यारं आणि जुने रस्ते यांची सांगड त्यांनी ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’त (१९६२) घातली. वाचताना भान हरपतं. पण पुण्यातून निघून दिवसभरात चालून येता येईल, किंवा कार्ल्या-भाज्यासारखं गाडीने गाठता येईल, अशा जागा त्यात साहजिकच जास्त आहेत. जिथे ते चालले तिथे सापडलं. जिथे चालले नाहीत तिथे नव्हतं का? त्यांनी चाललेले आणि न चाललेले रस्ते नकाशावर मांडून हे तपासता येईल. ते काम माझं नाही, पुरातत्त्ववाल्या कुणी घ्यावं.

माझ्यापुरतं पुढचं काम ठरलंय. तिसऱ्या गटातले ते ५०० श्लोक. कोसंबींनी ते बाजूला काढले, योग्यच केलं. पण प्रत्येक श्लोक कुठल्यातरी लेखनिकाने आवडला म्हणून घातला होता. कुठल्या प्रांताच्या पोथ्यांत शृंगार वाढतो, कुठे वैराग्य, हे मोजता येतं. सध्या १३० श्लोकांची नोंद झाली आहे. आणि हो, एका ग्रंथालयातली जी पोथी मला आठ महिने ‘बांधणीला गेली आहे’ म्हणून मिळत नव्हती, ती गेल्या मंगळवारी मिळाली. तिच्यात नीतिशतकाच्या मधोमध, समासात, वेगळ्या शाईत एक श्लोक लिहिलाय जो कोसंबींच्या ८५२ मध्ये मला अजून सापडलेला नाही. बहुधा मीच नीट शोधला नसेल. उद्या पुन्हा बसते.