सिग्नलच्या गणितातला पादचारी

‘स्मार्ट सिग्नल’ हा विषय घेणारे बरेच जण थेट कॅमेऱ्याच्या अचूकतेवर उडी मारतात. त्याआधी एक जुनं सूत्र नीट वाचा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पद्धतीत पादचाऱ्यासाठी हिरवा वेळ असा काढतात: रस्त्याची रुंदी भागिले सेकंदाला १.२ मीटर, अधिक सुरुवातीचे ७ सेकंद. १४ मीटरच्या रस्त्याला सुमारे १८.७ सेकंद.

आता गोंदियाचा जयस्तंभ चौक डोळ्यासमोर आणा. बाजाराची पिशवी घेतलेली आजी सेकंदाला ०.८ मीटर चालते असं धरू. पहिले ७ सेकंद निघण्यातच गेले, तर हिरवा संपतो तेव्हा ती ९.३ मीटरवर असते. पावणेपाच मीटर रस्ता अजून बाकी! सूत्राला हे कळायला जागाच नाही, कारण त्यात सगळे एकाच वेगाने चालतात.

मग सेन्सर लावला की प्रश्न सुटला? कुठला सेन्सर, ते बघा. रस्त्यात पुरलेल्या तारेच्या वेटोळ्यावर गाडी आली की तिच्या धातूमुळे वेटोळ्याचं इंडक्टन्स बदलतं आणि कंट्रोलरला खबर जाते. आजीच्या अंगात धातू कितीसा असणार? (फार तर बांगड्या.) तिच्यासाठी बटण, कॅमेरा किंवा रडार लागतं. ब्रिटनमधल्या ‘पफिन’ क्रॉसिंगवर एक डिटेक्टर काठावर थांबलेल्यांना बघतो आणि माणूस निघून गेला तर बटणाची मागणी रद्द करतो. दुसरा ओलांडण्याच्या जागेवर नजर ठेवतो. कोणी हळू चालत असेल तर गाड्यांचा लाल लांबवतो. आजीला हवाय तो हा दुसरा.

आपल्याकडे पुण्यात स्मार्ट सिटीखाली वाहतुकीनुसार बदलणारे सिग्नल आले. अशा यंत्रणेवरचे पेपर वाचताना ‘सरासरी विलंब’ कुणाचा मोजलाय ते आधी शोधा. बहुतेकदा तो गाडीमागे असतो. काठावर उभ्या माणसाचा मिनिटभर त्या बेरजेत येतच नाही, आणि तरी निष्कर्षात ‘चौकाची कार्यक्षमता वाढली’ असं छापलेलं असतं. माझा आक्षेप इथे आहे.

कॅमेऱ्याची अचूकता दिली असेल तर सुटलेले कोण, तेही विचारा: छत्रीतले, अंधारातले, सायकल ढकलणारे?

स्वतः मोजायचं ठरवलंत तर आणखी एक. चालण्याचा वेग फक्त रस्ता पूर्ण ओलांडणाऱ्यांचा निघतो. त्यामुळे मध्येच अडकलेल्यांचा आणि काठावरूनच परत फिरलेल्यांचा रकाना तक्त्यात पहिल्या दिवसापासून ठेवा.