संतांच्या हातचे अक्षर

नाताळची मध्यरात्रीची मिस्सा होऊन आठ-दहा दिवस लोटले, म्हणजे धर्मग्रामात एक प्रकारची सुस्ती येते. गोठा अजून जागेवर असतो, अंगणातले आकाशकंदील अजून लोंबत असतात. पण फराळाचे डबे रिकामे झालेले असतात आणि मुलांची दप्तरे पुन्हा बाहेर आलेली असतात. उपासनेच्या दृष्टीने नाताळचा काळ मात्र प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालूच असतो. ह्या ओसरत्या दिवसांतच अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ख्रिस्तसभा आपल्या दोन संतांचे स्मरण करते. ४ जानेवारीला संत एलिझाबेथ ॲन सीटन ह्यांचे आणि ५ जानेवारीला संत जॉन नॉयमन ह्यांचे. सर्वसाधारण रोमन दिनदर्शिकेत ही स्मरणे नाहीत; त्यामुळे आपल्याकडे ही नावे फारशी कानांवर पडत नाहीत. दुसऱ्या नावाविषयी तर घोटाळाही होतो. २०१९ साली ज्यांना संतपद मिळाले ते इंग्लंडचे कार्डिनल न्यूमन निराळे. हे नॉयमन बोहेमियातून अमेरिकेत गेलेले धर्मगुरू आणि पुढे फिलाडेल्फियाचे बिशप.

ह्या दोघांची छोटी चरित्रे सणाच्या निमित्ताने वाचली जातात. त्यांचा साचा आपल्या परिचयाचा आहे. एलिझाबेथ ह्यांचा जन्म १७७४ साली न्यूयॉर्कमध्ये झाला, ऐन तारुण्यात त्यांना वैधव्य आले, १८०५ साली त्या कॅथॉलिक झाल्या, १८०९ साली मेरीलँडमधील एमिट्सबर्ग येथे त्यांनी धर्मभगिनींचा संघ स्थापन केला आणि १४ सप्टेंबर १९७५ रोजी पोप सहावे पॉल ह्यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले. अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेल्या त्या पहिल्या संत. नॉयमन १८११ साली जन्मले, १८३६ साली अमेरिकेत पोचले, १८५२ साली बिशप झाले, त्यांनी शाळांचे जाळे विणले आणि १९ जून १९७७ रोजी त्यांना संतपद मिळाले. ह्यात खोटे काही नाही. तरीही असे चरित्र वाचून झाल्यावर मनात एखादा माणूस उभा राहतो का, हा प्रश्न उरतोच. ह्या दोघांनी स्वतःच्या हाताने जे लिहून ठेवले आहे, त्याच्या शेजारी ही चरित्रे ठेवून पाहिली, तर तो प्रश्न अधिकच टोचू लागतो.

एलिझाबेथ ह्यांचे जे लेखन साहित्य म्हणूनही टिकून राहील, ते म्हणजे त्यांचे इटलीतील रोजवृत्त. १८०३ सालच्या ऑक्टोबरात त्या क्षयरोगाने खंगलेले पती विल्यम आणि आठ वर्षांची थोरली मुलगी ॲना मरिया ह्यांना घेऊन जहाजाने इटलीला निघाल्या. धाकटी चार मुले मागे राहिली. लिव्होर्नो बंदरात जहाज लागले तेव्हा स्वागताच्या वाद्यवृंदाने अमेरिकेचे गीत वाजवले. पण न्यूयॉर्कमध्ये त्या वेळी पीतज्वराची साथ होती आणि विल्यम तर उघडच आजारी दिसत होते. एलिझाबेथ ह्यांचे सावत्र भाऊ होडीतून भेटायला आले. त्या धावत पुढे झाल्या, तोच पहारेकऱ्याने स्पर्श करू नका म्हणून बजावले. तिथून त्या तिघांना समुद्राकाठच्या लाझारेत्तोत, म्हणजे साथीच्या भीतीने प्रवाशांना अलग ठेवण्याच्या इमारतीत, नेण्यात आले. एलिझाबेथ ह्यांचे वडील डॉ. रिचर्ड बेली हे न्यूयॉर्क बंदराचे आरोग्य अधिकारी होते आणि अशाच अलग ठेवलेल्या स्थलांतरितांची शुश्रूषा करताना ताप येऊन १८०१ साली वारले होते. दोनच वर्षांनी त्यांची कन्या कुलपाच्या आतल्या बाजूला बसली होती.

सुमारे महिनाभर त्या तेथे होत्या. उंच छत, उघड्या भिंती, विटांची जमीन, बोचरा वारा, धूर, खाली खवळलेला समुद्र आणि शेजारी खोकणारा नवरा. हे सारे त्यांनी आपली नणंद रिबेका हिच्यासाठी लिहून ठेवले. ह्या लेखनातील एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. थंडीने काकडलेली ॲना पेटीला बांधलेली दोरी सोडून तिच्यावर उड्या मारू लागते. आईही एका पायावर लंगडी घालत खोलीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच-सहा फेऱ्या मारते आणि नणंदेला लिहिते की, खुशाल हस, पण अंगात ऊब येण्यास हा उत्तम व्यायाम आहे. संतपदाला पोचलेली एक स्त्री मरणाच्या उंबरठ्यावर असलेल्या पतीच्या खोलीत लंगडी घालते आहे, हे चित्र किती छोट्या चरित्रांत येते? बहुतेक ठिकाणी ह्या महिन्यासाठी ‘तिने धीराने दुःख सोसले’ एवढे एकच वाक्य पुरते. धीर शब्द छापला की धीर दिसतोच असे नाही. येथे तो दोरीत दिसतो.

१९ डिसेंबरला सुटका झाली आणि विल्यम ह्यांना पिझा शहरी नेण्यात आले. नाताळ तिथेच आला. विल्यमना प्रभुभोजनाची ओढ लागली होती. हे कुटुंब अँग्लिकन परंपरेतील एपिस्कोपल पंथाचे. जवळ त्यांचा धर्मोपदेशक नव्हता. तेव्हा एलिझाबेथ ह्यांनी पेल्यात थोडा द्राक्षारस ओतला, स्तोत्रांतील आणि प्रार्थनांतील काही भाग म्हटले आणि नवराबायकोने तो आभाराचा पेला म्हणून घेतला. दोन दिवसांनी, २७ डिसेंबरला, विल्यम वारले.

आपल्या सोयीची चरित्रे ह्या पानाशी येऊन अडखळतात. कॅथॉलिक संताच्या कथेतील नाताळ असा कसा, असे त्यांना वाटत असावे. म्हणून लेखणी घाईघाईने पुढे सरकते आणि फिलिक्की बंधूंच्या घरातील कॅथॉलिक श्रद्धेच्या दर्शनापाशी, त्यानंतर १४ मार्च १८०५ रोजी न्यूयॉर्कच्या संत पेत्राच्या चर्चमध्ये झालेल्या स्वीकारापाशी जाऊन विसावते. तो पेला म्हणजे परमप्रसाद नव्हता. धर्मगुरू ह्या नात्याने हे मी स्पष्टच म्हणतो, आणि एलिझाबेथ ह्यांनीही तो परमप्रसाद असल्याचा दावा केलेला नाही. पण ज्या बाईला पुढे परमप्रसादाने ओढून आपल्या ख्रिस्तसभेत आणले, तिची भूक ह्या पेल्यात आधीच दिसते. ते पान गाळले की तिचा पुढचा निर्णय पुस्तकी वाटू लागतो, जणू काही युक्तिवाद पटले आणि तिने पंथ बदलला. ते पान ठेवले की कळते, देवाची कृपा आमच्या नोंदवहीत नाव येण्याची वाट पाहत बसत नाही.

ह्या रोजवृत्तात दोष नाहीत असे नव्हे. त्या काळाची भावविवश शैली त्यात आहे. उद्गार पुष्कळ, वाक्ये अर्धवट तुटलेली, निसर्गाकडे पाहून मन भरून येण्याचे प्रसंग वारंवार. आजच्या वाचकाला काही पाने ओलसर वाटतील. लेखिकेला आपल्या वाचकाचेही सतत भान आहे; घरी वाट पाहणाऱ्या नणंदेला धीर देण्यासाठी ती काही ठिकाणी स्वतःचा आवाज चढवते. पण ह्या साऱ्यांवर मात करणारा एक गुण त्यात आहे. लिहिणाऱ्या व्यक्तीला शेवट माहीत नाही. पती जगतील की जातील, मुलांना पुन्हा पाहता येईल की नाही, ह्यातले काहीच तिला ठाऊक नाही. ज्या रिबेकासाठी ती लिहिते आहे, तीही १८०४ च्या जुलैत, एलिझाबेथ परत आल्यानंतर महिनाभरातच जाणार आहे, हेही नाही. चरित्रकाराला मात्र शेवट आधीच ठाऊक असतो. त्यामुळे त्याच्या हातात प्रत्येक प्रसंग भावी संतपदाची खूण होऊन बसतो आणि वाचकाची सोबत सुटते. कारण वाचकालाही आपल्या घरातील आजाराचा शेवट ठाऊक नसतो.

संत नॉयमन ह्यांचे लेखन अगदी दुसऱ्या टोकाचे. १८५२ च्या मार्च महिन्यात, बिशपपदाच्या अभिषेकापूर्वी, वरिष्ठांच्या आज्ञेवरून त्यांनी जर्मन भाषेत छोटेसे आत्मवृत्त लिहिले. मोजकीच पाने. मोजे विणण्याचा व्यवसाय करणारे वडील, मुलाच्या पुस्तकवेडाची थट्टा करणारी आई, शाळा, गुरू, निसर्गशास्त्रांची आवड, अमेरिकेचा प्रवास. रस निर्माण करण्याचा प्रयत्न कोठेही नाही. आज्ञा झाली म्हणून माणूस हिशेबाची वही पुढे करतो, तसे हे लेखन आहे. फिलाडेल्फियात दोन शाळांच्या शंभर शाळा झाल्या असे त्यांच्या चरित्रांत छापलेले असते. आत्मवृत्त लिहिताना त्या शहरातील एकही शाळा त्यांच्या नावावर नव्हती. आपल्या आयुष्याचा अर्थ लावण्याची घाई ते करत नाहीत. हा कोरडेपणा रसिकाला खटकेल, आणि खटकावाही. पुष्कळ ठिकाणी आणखी दोन ओळी असत्या तर बरे झाले असते असे वाटते. पण ज्याला स्वतःविषयी फार सांगायचे नाही अशा माणसाचा खरा आवाज त्यातूनच ऐकू येतो.

त्यांची तरुणपणीची आध्यात्मिक दैनंदिनी, काही जर्मन व काही फ्रेंच भाषेत लिहिलेली, वाचली म्हणजे ह्या मितभाषेची किंमत कळते. तेथे प्रार्थनेतील रुक्षता आहे, एकटेपणा आहे आणि स्वतःवर घेतलेले कठोर आरोप आहेत. शांत, प्रसन्न संताची अपेक्षा ठेवून जाणाऱ्याची तेथे निराशा होईल. ज्याला आपल्या प्रार्थनेत कधीकधी काहीच लागत नाही, अशा गृहस्थाला मात्र तेथे आपला माणूस भेटेल. ५ जानेवारी १८६० रोजी हे बिशप कामानिमित्त बाहेर पडले असता फिलाडेल्फियाच्या व्हाइन रस्त्यावर कोसळले आणि लोकांनी जवळच्या घरात नेल्यावर तेथेच त्यांनी देह ठेवला. वय ४८. त्यांचा मृत्यूही त्यांच्या गद्यासारखाच, सजावटीवाचून.

ह्या दोन संतांना सांधणारा एक दुवा चरित्रांतून क्वचितच ठळक होतो. एमिट्सबर्गमध्ये एलिझाबेथ ह्यांच्या भगिनीसंघाचे वरिष्ठ म्हणून फ्रान्समधून आलेले फादर जॉन द्युब्वा ह्यांनी काम पाहिले होते. पुढे ते न्यूयॉर्कचे बिशप झाले आणि २५ जून १८३६ रोजी त्यांनीच नॉयमन ह्यांना गुरुदीक्षा दिली. कॅलेंडरात शेजारी बसलेल्या ह्या दोघांच्या आयुष्यांना एकाच वृद्ध धर्मगुरूचे हात लागले होते. संत एकेकटे उगवत नाहीत, हे शिकवण्यासाठी ह्याहून चांगले उदाहरण कोठे शोधावे?

छोट्या चरित्रांना अगदीच मोडीत काढावे असे माझे म्हणणे नाही. मुलांना नाव, दिवस आणि गुण लक्षात राहावा, मिस्सेच्या आधी दोन मिनिटांत संताची ओळख व्हावी, हे त्यांचे काम आहे आणि ते ती करतात. माझी तक्रार त्यांच्या घासूनपुसून लख्ख करण्याच्या सवयीविषयी आहे. एलिझाबेथ ह्यांना सरसकट ‘अमेरिकेतील धर्मग्रामशाळांच्या जनक’ म्हटले जाते; वस्तुतः फिलाडेल्फियात अशी शाळा अठराव्या शतकातच होती, आणि एमिट्सबर्गच्या शाळेत फी भरणाऱ्या मुलींच्या पैशांवर गरीब मुलींचे शिक्षण चाले. हा व्यवहार सांगितल्याने संतांचे काही उणे होत नाही. शाळेचा जमाखर्च सांभाळणाऱ्या आपल्या सिस्टरांना उलट धीरच येईल. त्याहून अवघड गोष्टही आहे. मेरीलँडमध्ये गुलामगिरी कायदेशीर होती, आणि एमिट्सबर्ग परिसरातील कॅथॉलिक संस्थांतही गुलामांचे श्रम वापरले जात. कॅथरीन ओडॉनेल ह्यांच्या २०१८ सालच्या एलिझाबेथ-चरित्राचा मोठेपणा असा की, ते ह्या गोष्टीकडे पाठ फिरवत नाही आणि तरीही संताविषयीचा आदर कमी होऊ देत नाही. श्रद्धेने लिहिणे म्हणजे डोळे मिटून लिहिणे, हा समज आपल्या चरित्रलेखनातून जावयास हवा.

साधने आता उपलब्ध आहेत. एलिझाबेथ ह्यांच्या हयातीतच, १८१७ साली, त्यांच्या संमतीवाचून हे रोजवृत्त कोणीतरी छापले होते. आता सिस्टर रेजिना बेक्टल आणि सिस्टर जुडिथ मेट्झ ह्यांनी संपादिलेले समग्र लेखन २००० ते २००६ ह्या काळात तीन खंडांत प्रसिद्ध झाले आहे. नॉयमन ह्यांचे आत्मवृत्तही इंग्रजीत वाचावयास मिळते. आपल्यातील जाणत्या तरुण लेखकांनी त्यांतील निवडक पाने चांगल्या मराठीत घरोघरी पोचवावीत. संताचे चित्र भिंतीवर लावणे, दिवा लावणे, नोव्हेना करणे हा सन्मानच आहे. पण ज्याने लिहून ठेवले त्याचे वाचणे हाही सन्मान आहे, आणि तो आपण फार कमी करतो.

येत्या ४ जानेवारीला, गोठा आवरण्यापूर्वी, कुटुंबाच्या सायंप्रार्थनेत लाझारेत्तोतील ते एक पान मुलांना सांगून पाहावे. दोरीच्या उड्यांपाशी मुले हसतील. हसू द्यावे. मग पिझातल्या त्या नाताळची गोष्ट सांगावी.