कायद्याचा कान

विसर्जनाची मिरवणूक आमच्या गल्लीत शिरली की आधी फडताळातली भांडी वाजतात, मग डीजे दिसतो. यंदा मी बाल्कनीत उभं राहून फोनवरच्या ॲपनं आवाज मोजला. छातीत ठोके बसत होते, आजी कानात बोळे घालून आतल्या खोलीत बसली होती, पण आकडा त्या मानानं चढेना. ॲप बिघडलेलं नव्हतं. ते ‘ए’ मोजपट्टीवर होतं. ‘सी’ निवडल्याबरोबर आकडा टुणकन वर गेला.

आपले ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. हे डेसिबल ‘ए’ पट्टीवरचे, आणि ही पट्टी माणसाच्या ऐकण्याशी जुळते, असं नियमच सांगतात. माझं भांडण या वाक्याशी आहे. जुळते, पण कुठल्या ऐकण्याशी?

कान म्हणजे माईक नव्हे. बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली लोकांना सूर ऐकवून कानाचा हा पक्षपात मोजला: खर्जातला सूर मधल्या सुराइतकाच मोठा वाटायला त्यात कितीतरी जास्त जोर लागतो. त्यांच्या ४० फॉनच्या, म्हणजे हळू आवाजाच्या, रेषेवरून ‘ए’ पट्टी आली. ती ६३ हर्ट्झचे २६ डेसिबल सरळ वजा करते.

पण आवाज वाढला की कानाचा पक्षपात कमी होतो. आजच्या आंतरराष्ट्रीय मानकात ६३ हर्ट्झचा सूर हजार हर्ट्झच्या सुराइतका वाटायला ४० फॉनला सुमारे ३३ डेसिबल जास्त लागतात, ८० फॉनला सुमारे १८च. म्हणजे १०० डेसिबलचा खर्ज मीटर ७४ म्हणून नोंदवतो, कान मात्र ८०च्या वर ऐकतो. दहा फॉन वाढले की आवाज साधारण दुप्पट वाटतो, तेव्हा हा फरक किरकोळ नाही. भांड्यांचा थरथराट तर कुठल्याच फॉनमध्ये येत नाही.

‘ए’ पट्टी टाकाऊ नाही. कानाला होणाऱ्या इजेचा अंदाज ती बऱ्यापैकी देते, आणि डीजे तिच्यावरही ५५ ओलांडतोच. पण किती ओलांडला, हे ती कमी करून सांगते. ‘सी’ पट्टी ६३ हर्ट्झला एक डेसिबलही कापत नाही. पंचनाम्यात दोन्ही आकडे शेजारी लिहावेत. त्यांच्यात जेवढं अंतर, तेवढा खर्ज. आजीची तक्रार नेमकी त्या अंतरात आहे.