अल्पखर्ची निन्जापट आणि मालेगावचा सुपरमॅन : रसिकतेचा प्रश्न

‘एंटर द निन्जा’ (१९८१) या चित्रपटानंतर अल्पखर्ची निन्जापटांची लाट आली. हाँगकाँगचे दिग्दर्शक गॉडफ्रे हो यांनी जुन्या आशियाई चित्रपटांना निन्जांची नवी दृश्ये जोडून अनेक चित्रपट सिद्ध केले. ‘निन्जा टर्मिनेटर’ (१९८५) हे त्याचे ठळक उदाहरण होय. त्यांतील विसंगतीच चाहत्यांना प्रिय वाटते. ही आवड म्हणजे निव्वळ टवाळी आहे काय?

या प्रश्नाचा विचार मालेगावच्या संदर्भात करणे उद्बोधक ठरते. व्हिडिओ पार्लर चालविणारे नासिर शेख यांनी ‘मालेगाव के शोले’ हे विडंबन निर्माण केले. पुढे त्यांच्या सुपरमॅनची भूमिका शफीक शेख या सडपातळ यंत्रमाग कामगाराने केली. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) या माहितीपटात ही निर्मितीप्रक्रिया दिसते. तेथे सायकल कॅमेऱ्याचे वाहन होते आणि हिरवे कापड उड्डाणाची पार्श्वभूमी.

दोन्हीकडे साधनांचा अभाव आहे. तथापि हो यांची जोडणी बाजारपेठेसाठी होती, तर मालेगावचा प्रेक्षक पडद्यावर आपलीच बोली, आपलीच माणसे पाहतो. त्याचे हसणे आत्मीयतेचे आहे; दूरस्थ प्रेक्षकाच्या हसण्यात मात्र श्रेष्ठत्वाची भावना डोकावू शकते. म्हणून अशा कृतींचे मूल्यमापन केवळ तांत्रिक सफाईवरून करणे अन्यायाचे ठरेल. राळेगावसारख्या तालुक्याच्या ठिकाणी अध्यापन करणाऱ्यांनी हा भेद विशेषत्वाने ध्यानी घ्यावयास हवा.