निर्वंश कोणाला म्हणावे?

कुलवृत्तांत हा मराठीतला एक मोठा वाङ्मयप्रकार आहे; पण समीक्षकांच्या जेवणावळीत त्याला कधी पान वाढलेले मी पाहिले नाही. कादंबरीचे परीक्षण येते, कवितासंग्रहाचे येते, पाकशास्त्रावरच्या पुस्तकालाही कोणी चार बऱ्या ओळी देतो. कुलवृत्तांत मात्र छापला जातो, कुलसंमेलनात वाटला जातो, घरी येतो आणि कपाटाच्या वरच्या फळीवर जाऊन बसतो. तो काढला जातो तो बहुधा दिवाळीत, चार घरचे लोक जमले म्हणजे. मग प्रत्येकजण आधी स्वतःचे नाव शोधतो, मग वडिलांचे. आणि चुलतभावाचा परिचय आपल्यापेक्षा दोन ओळींनी मोठा का, याची चर्चा चकलीबरोबर होते.

मी हा प्रकार आवडीने वाचतो. परक्या घराण्याचे वृत्तांतही वाचतो, हे ऐकून लोक माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहतात. पण इतकी पुस्तके वाचल्यावर त्यांचा साचा डोळ्यांत भरल्यावाचून राहत नाही. आरंभी गोत्र, कुलदैवत आणि मूळ गाव. मग मूळ पुरुष, तो बहुतेक वेळा पराक्रमी. मग त्याला मिळालेल्या इनामाच्या सनदेची नक्कल. आणि पुढे वंशावळीचे वृक्ष, पानेच्या पाने. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला आणि जुने कागद घराघरांतून बाहेर येऊ लागले. त्या वाऱ्यावरच हे पीक वाढले. त्याचे ऋण मी नाकारत नाही. पण राजवाडे कागद शोधत होते ते काय घडले हे कळावे म्हणून. त्यांच्यामागून निघालेले पुष्कळ वृत्तांतकार कागद शोधतात ते आपण कसे थोर हे दाखवावे म्हणून. आणि या दोन शोधांत वेगवेगळे कागद सापडतात.

हे मला नव्याने पटले ते कोल्हापूरकडच्या एका हस्तलिखितामुळे. करवीर तालुक्यातल्या एका गावचे, निम्म्या पाटीलकीचे घर. घरातल्या एका निवृत्त गृहस्थांनी तीन वर्षे खपून आपल्या घराण्याचा इतिहास लिहिला आणि अभिप्रायासाठी माझ्याकडे पाठवला. नाव सांगत नाही. पुस्तक त्यांचे आहे आणि घरही. या गृहस्थांचे विशेष असे, की त्यांनी आरंभ मूळ पुरुषापासून न करता आपल्या स्वतःच्या सातबारापासून केला. सातबारावर नावांच्या शेजारी वर्तुळांत लहान आकडे असतात, ते फेरफाराचे क्रमांक. एकेक क्रमांक घ्यायचा, फेरफाराच्या वहीत तो काढायचा, त्यात मागच्या मालकाचे नाव मिळते, ते घेऊन आणखी मागे जायचे. आजा, पणजा असे करीत माणूस संस्थानी अमलापर्यंत सहज जातो. तिथून पुढे मोडी सुरू होते आणि पुष्कळांचा शोध तिथेच थांबतो. हे गृहस्थ साठी उलटल्यावर मोडी शिकले.

मोडी आली तरी कालगणनेची पंचाईत उरतेच. जुन्या कागदावर साल असते ते सुहूर सनाचे, आणि तेही अक्षरांत, अरबी शब्दांनी, एकंपासून उलटे. 'खमस अर्बैन मया व अलफ' म्हणजे पाच, चाळीस, शंभर आणि हजार, सन ११४५. त्यात जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढच्या महिन्यांत ६०० मिळवले म्हणजे इसवी सन निघतो, येथे १७४४-४५. हे वर्ष मृग नक्षत्रावर सुरू होते. शेतकऱ्याचे वर्ष पावसाने सुरू व्हावे आणि सरकारच्या कागदानेही ते मानावे, ही गोष्ट मला फार आवडते.

या हस्तलिखिताचा पहिला भाग नेहमीच्या वळणाचा आहे. सनद आहे, शिक्का आहे, इनामाच्या चतुःसीमा आहेत. तो मी भराभर वाचला. सनद हा कागद देणाऱ्याने घेणाऱ्यावर प्रसन्न होऊन लिहिलेला असतो. त्यात घेणाऱ्याचे अवगुण कसे येणार? त्यावरून घराणे ओळखणे म्हणजे लग्नपत्रिकेवरून नवरदेवाचा स्वभाव ओळखणे होय. शिवाय थोरवीचा मोह कागदांवरही चालतो. मुधोळच्या घोरपडे घराण्याच्या फर्मानांवरून इतिहाससंशोधकांत केवढा वाद झाला! ज्या कागदाने वंश थेट राजस्थानात नेऊन पोहोचवला, तो खरा की मागाहून तयार झालेला, याविषयी अजूनही एकमत नाही.

निवाडा हा कागद अगदी वेगळ्या जातीचा. वतनाचा तंटा उभा राहिला म्हणजे दोन्ही पक्ष आपापली तकरीर देत, करीना लिहून देत. करीना म्हणजे आपल्या घराण्याची कुळकथाच; पण ती समोर प्रतिपक्ष बसलेला असताना सांगायची. एकाने 'आमचा पणजा वडील शाखेचा' म्हटले की दुसरा म्हणणार, 'नव्हे, तुमचा पणजा दुष्काळात गाव सोडून गेला होता.' निवाडा मान्य करू असा राजीनामा दोघांकडून आधीच लिहून घेतलेला असे. मग गोतसभा बसे, पांढरीचे लोक साक्ष देत आणि महजर होई. त्यावर ज्याला लिहिता येत नसे तो आपली निशाणी काढी: पाटलाचा नांगर, शिंप्याची कात्री, न्हाव्याचा आरसा. हरणारा येजितखत लिहून देई आणि गुन्हेगारी भरी. जिंकणारा हरकी भरी. म्हणजे सरकारचे दोन्हीकडून. डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनी अशा महजरांवरून आणि निवाडपत्रांवरून मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, त्याला १९५३ पासून इतकी वर्षे झाली. कायद्याच्या इतिहासाचा ग्रंथ म्हणून तो वाचला जातो. मला तो वाचताना नेहमी वाटते, की मराठी कुटुंबाचे इतके प्रामाणिक चित्र आपल्या कादंबरीतही क्वचितच उतरले असेल.

कोल्हापूरकरांना तर हे वतनदारीचे शास्त्र नवे नाही. बावड्याच्या जहागिरीचे मूळ पुरुष रामचंद्रपंत अमात्य. त्यांच्या आज्ञापत्रात वतनदारांवर वेगळे प्रकरण आहे. आणि त्यात या मंडळींच्या भांडखोरपणाविषयी, शेजाऱ्याचे दाबून बसण्याच्या हौसेविषयी जे म्हटले आहे ते वाचले म्हणजे बहुतेक कुलवृत्तांतांतल्या मूळ पुरुषाच्या गळ्यातली फुलांची माळ जरा सैल होते. पण ते प्रकरण कुलवृत्तांतात उद्धृत झालेले मी अद्याप पाहिलेले नाही.

सगळेच वृत्तांतकार असे नव्हेत. वासुदेवशास्त्री खऱ्यांनी १९१३ साली 'इचलकरंजी संस्थानचा इतिहास' लिहिला. तो एका राजघराण्याचाच इतिहास. त्या घराण्याचे मूळ पुरुष नारो महादेव हे जन्माने जोशी. सेनापती घोरपड्यांच्या पदरी वाढले आणि कृतज्ञतेने त्यांचे आडनाव लावू लागले. म्हणजे आडनाव रक्ताने आलेले नाही, अन्नाने आलेले आहे. पुढे त्यांच्या मुलाला बाळाजी विश्वनाथ पेशव्यांची मुलगी अनुबाई दिली. आणि नवऱ्याच्या मागे त्या बाईने संस्थान असे चालवले, की तिला वंशवृक्षाच्या एका कोपऱ्यात 'पत्नी' म्हणून बसवून चालण्यासारखे नव्हते. कोल्हापूरच्या गादीचेच पाहा. १८८४ साली कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव दत्तक आले आणि शाहू छत्रपती झाले. त्या आधी १७६२ मध्येही गादीवर दत्तकच बसला, आणि त्याच्या नावाने राज्य राखले ते जिजाबाईंनी. राजवंशाची रेघ जर अशी ठिकठिकाणी बाहेरून येऊन जोडलेली, तर आपल्या घराची रेघ ओळंब्याने आखल्यासारखी सरळ कशी असेल?

आता हस्तलिखिताच्या त्या पानाकडे येतो, ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला. वंशावळीत पाचव्या पिढीत तीन भाऊ आहेत. दोघांच्या खाली भरगच्च फांद्या. मधल्याच्या नावाखाली एकच शब्द: 'निर्वंश'. हा शब्द कुलवृत्तांतांत हजारो ठिकाणी येतो आणि आपण त्याच्यावरून पुढे जातो. पण लेखकाने फेरफार पाहिले होते. फेरफारात माणूस मेला की वारस लागतात. आणि वारस अज्ञान असेल तर त्याच्या नावापुढे 'अ. पा. क.' अशी तीन अक्षरे येतात: अज्ञान पालनकर्ता. ती तीन अक्षरे म्हणजे पुष्कळदा आई असते. वंशावळीत जिला जागा नाही ती बाई तलाठ्याच्या वहीत अशी, संक्षेपाने का होईना, उभी असते. या मधल्या भावाच्या मागेही एक बाई सापडली. तिच्या मागाने जाता जाता संस्थानी कोर्टातला दावा सापडला. विसाव्या शतकाच्या आरंभीचा.

दाव्यात ती वादी आहे आणि दोघे दीर प्रतिवादी. त्या काळी एकत्र कुटुंबातल्या विधवेला हिस्सा नव्हता. होती ती पोटगी आणि राहायला जागा. तीसुद्धा दिरांनी बंद केली होती. तिने मागितले काय? वर्षाला भात आणि जोंधळा, दोन लुगडी, माजघरालगतची खोली, आणि 'मुलीचे लग्नाचा खर्च'. मुलीचे! म्हणजे निर्वंश म्हटलेल्या माणसाला मुलगी होती. कोर्टाने धान्य आणि खोली दिली, लग्नाच्या खर्चाची रक्कम कमी करून दिली. कैफियतीत दिरांचे म्हणणे आहे की बाई कजाग असून घरात नीट राहत नाही. तिचे म्हणणे एका ओळीत आहे: मला चुलीपाशी येऊ देत नाहीत.

हे पान लेखकाने खरडले, खोडले, पुन्हा लिहिले, असे हस्तलिखितावरूनच दिसते. घरातल्या वडीलधाऱ्यांचा त्याला विरोध आहे. त्यांचे म्हणणे असे, की प्रतिवादी क्रमांक एक हे आमचे पणजोबा. त्यांनी गावात देवळाचा जीर्णोद्धार केला. त्यांच्या पुस्तकात हे कशाला? मला हा विरोध तुच्छ वाटत नाही. मेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही, आणि एका दाव्यावरून सगळा माणूस मोजणे हाही अन्यायच. दाव्याची भाषा वकिलाची असते. दोन्हीकडून तिखटमीठ लावलेले असते. निवाड्यालाही वेदवाक्य मानण्याचे कारण नाही. पण देवळाचा शिलालेख पुराव्याला चालतो आणि हुकूमनामा चालत नाही, असा नियम कोणता? दोन्ही छापा. वाचणारा पणतू एवढा दुबळा नसतो.

आणि हे जुने झाले असे कोणी म्हणू नये. १९५६ साली मुलींना वडिलांच्या मिळकतीत हक्क आला, २००५ साली वडिलोपार्जित मिळकतीतही मुलाइतकाच आला. आणि फेरफाराच्या वहीत काय दिसते? वडील वारल्यावर मुलींची नावे लागतात, काही ठिकाणी 'इतर हक्क' या रकान्यात लागतात, आणि वर्ष-दोन वर्षांत हक्कसोडपत्राने निघून जातात. कोणी खुशीने सोडते, कोणी माहेर तुटू नये म्हणून सोडते. शंभर वर्षांनी आपला कोणी वंशज या नोंदी काढील, तेव्हा भाऊबीजेच्या ओवाळणीपेक्षा हे कागद त्याला जास्त काही सांगतील.

या पुस्तकातला मला आवडलेला दुसरा भाग म्हणजे गावच्या इतर घरांची प्रकरणे. वतनदारांचा इतिहास लिहिणे सोपे, कारण त्यांचे कागद मुबलक. ज्यांना वतन नव्हते त्यांनी काय करावे? आणि ज्यांचे वतन हेच जोखड होते त्यांनी? शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतने काढली आणि त्याच वर्षी महार वतनेही रद्द करून त्या जमिनी रयतावा केल्या. लेखकाने गावच्या त्या जमिनीच्या नोंदी काढून, कोणती जमीन कोणाच्या नावावर लागली ते सांगितले आहे. आपल्या घराच्या इतिहासात शेजारच्या वस्तीसाठी पंचवीस पाने देणारा कुलवृत्तांतकार मी पहिल्यांदाच पाहिला. ती पंचवीस पाने रुक्ष आहेत, आकड्यांनी भरलेली आहेत. पण ती गाळू नयेत असे मी त्यांना निक्षून लिहिले आहे. गाळायचेच असेल तर कुलदैवताचे माहात्म्य गाळावे. ते देवस्थानच्या पुस्तिकेत मिळते.

अलीकडे जुन्या कागदांना एकदम भाव आला आहे. २०२३ साली राज्य सरकारने कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हापासून रुमाल सुटत आहेत, जन्ममृत्यूची रजिस्टरे उलगडत आहेत आणि मोडी वाचणाऱ्यांना शोधत लोक हिंडत आहेत. दाखल्यासाठी शोधणाऱ्याला एक शब्द हवा असतो. तो सापडला की तो रुमाल बांधतो. त्याची गरज मोठी आहे, मुलाच्या शिक्षणाची आहे, त्याला मी नावे ठेवणार नाही. माझी विनंती एवढीच, की रुमाल बांधण्यापूर्वी त्या शब्दाच्या वरची आणि खालची ओळही उतरून घ्यावी. पुन्हा तो कागद हाती येईलच असे नाही. कसरीला दाखल्याची पर्वा नसते.

हस्तलिखितातले दोष सांगायचे तर भाषा ठिकठिकाणी सरकारी झाली आहे, मोडी कागदांच्या नकला अर्थ न देता जशाच्या तशा घातल्या आहेत आणि नकाशा मुळीच नाही. चतुःसीमा वाचून ओढा कोणीकडे नि शीव कोणीकडे हे कळत नाही. हे सगळे सुधारण्यासारखे आहे आणि ते त्यांना कळवले आहे.

परवा त्यांचे उत्तर आले. नकाशा करायला दिला आहे. दाव्याचे प्रकरण राहणार आहे. वडीलधाऱ्यांनी देवळाचा फोटो त्याच्या समोरच्या पानावर घालावा या अटीवर मान्यता दिली. त्या मुलीचा शोधही लागला. ती कागल तालुक्यात दिली होती आणि तिची नातवंडे-पतवंडे तिथे नांदती आहेत. चौकशीला गेले तेव्हा त्यांनी ओळख नसताना जेवून पाठवले. 'निर्वंश' हा शब्द वंशावळीतून काढला आहे. आता मधल्या भावाच्या खाली ही कागलची मंडळी घ्यायची तर त्यांच्या नावापुढे आडनाव कोणते लावावे, यावर घरात दोन तट पडले असून मुद्रितशोधन तेवढ्यासाठी अडले आहे.