'एलियन'मालिकेची पुढील वाट

रिडली स्कॉट यांच्या 'एलियन' (१९७९) या चित्रपटातील भय त्या प्राण्याच्या रूपाइतकेच त्याच्या अनाकलनीयतेत आहे. तो कोठून आला, हे तेथे कोणीच सांगत नाही. 'प्रोमिथिअस' (२०१२) व 'एलियन : कव्हनंट' (२०१७) यांत स्कॉट यांनीच त्याला उत्पत्तिकथा बहाल केली आणि भयाचे कोडे वंशावळीत विरले. फेडे आल्वारेझ यांचा 'रोम्युलस' (२०२४) पुन्हा मूळ संहितेच्या अवतरणांकडे वळतो. दिवंगत इअन होम यांचा चेहरा त्यात संगणकाद्वारे परत आणला गेला. स्मरणरंजनाची ही परिसीमाच म्हणावी लागेल.

प्राण्याची आणखी रूपे शोधून आता फारसे काही हाती लागण्यासारखे नाही. मालिकेचे न संपलेले आशयसूत्र कंपनी हे आहे. 'नोस्ट्रोमो' हे यानाचे नाव कॉनरॅडच्या, चांदीच्या खाणीभोवती फिरणाऱ्या कादंबरीवरून घेतलेले. यानावरील पार्कर आणि ब्रेट प्रथमपासून मोबदल्यातील वाट्यावरून कुरकुरतात. पुढे कंपनीचा गुप्त आदेश उघड होतो : प्राणी सुरक्षित आणावा, कर्मचारी गेले तरी चालतील. या आदेशाचा थंडपणा प्राण्याच्या जबड्याहून अधिक भयकारी आहे. 'रोम्युलस'च्या आरंभी खाणवसाहतीतील रेनचे करारातील तास पुरे झालेले असताना कंपनी ते वाढवते. तिथे हे सूत्र क्षणभर जिवंत होते. मग पाठलाग सुरू होतो आणि ती वसाहत मागे पडते. पुढील दिग्दर्शकाने त्या वसाहतीतच थांबावे, प्राण्याला शक्य तितका उशिरा येऊ द्यावा, आणि तो कोठून आला हे मुळीच सांगू नये.